पट्टी बदलली की हात अडतो: भजनी मंडळात पेटी धरणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय ४६, शाळेत नोकरी, तीन वर्षं पेटीचा क्लास, प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा झाल्या. घरी वहीत बघून वीसेक अभंग नीट वाजतात. पण कॉलनीतल्या महिला भजनी मंडळाने पेटीवर बसवलं, बायकांनी भलत्याच पट्टीत, म्हणजे भलत्याच बटणावर सा धरून, सुरुवात केली आणि तुमचा हात थिजला. दुसऱ्या खेपेला तर तुम्ही पेटी बंद करून टाळ हातात घेतलेत. आता विचारताय की रियाझ कमी पडतोय का, वय निघून गेलंय का, आणि स्केल चेंजर पेटी घ्यावी का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. घेऊ नका, निदान आणखी दोन वर्षं तरी. कारण पुढे सांगतो. वयाचं म्हणाल तर बोटं थोडी सावकाश वळतात एवढंच. त्याच्या बदल्यात, चाळीस वर्षं आरत्या-अभंग ऐकलेला कान तुमच्याकडे आहे आणि तो दहा वर्षांच्या मुलाकडे नसतो. अडचण तिसरीच आहे.

माझ्याबद्दल दोन शब्द, म्हणजे हे कोण सांगतंय ते कळेल. मी सांगलीचा. नोकरीभर दिवसा हिशेबाच्या वह्या आणि संध्याकाळी पेटी केली. कीर्तनं, भजनं, गणपतीतले कार्यक्रम, तबल्याच्या विद्यार्थ्यांना परीक्षेत लेहरा (तालासाठी पुन्हा पुन्हा वाजवायची सुरावट) धरणं, हे पस्तीसेक वर्षं चाललंय. मैफलीचा कलावंत मी नाही, पण बिनतालमीच्या माणसांच्या मागे वाजवण्यात माझं बरंचसं आयुष्य गेलं. तुमचं दुखणं नेमकं तिथलंच आहे.

एक करून बघा. भाता लावू नका, वही मिटा आणि तुम्हाला सगळ्यात चांगला येणारा अभंग शब्द न घेता सरगमने गा. नुसतं गुणगुणा, आवाज कसाही असो. दुसऱ्या ओळीत गाडी अडली, तर तुम्हाला त्या अभंगाच्या पेटीवरच्या जागा पाठ आहेत, स्वर पाठ नाहीत. ह्यात तुमचा दोष नाही. क्लासमध्ये आठ-दहा मुलं एकदम बसतात, सगळ्यांना एकाच पट्टीत शिकवावं लागतं, वहीत शब्दांखाली सा-रे-ग लिहून देतात आणि बोट ती वाट लक्षात ठेवतं. वाट लक्षात ठेवणाऱ्या माणसाला कुणी दुसऱ्या गल्लीतून आत सोडलं की तो हरवणारच.

म्हणून पुढचे तीन महिने नवीन अभंग बंद. येणाऱ्या वीसपैकी पाच निवडा आणि तेच वेगवेगळ्या पट्ट्यांत वाजवायचे. कसं ते सांगतो.

शुद्ध स्वरांचं सप्तक म्हणजे अंतरांचा एक ठराविक क्रम. काळी-पांढरी सगळी बटणं एकामागोमाग मोजत गेलं, तर सा पासून रे दोन घरं, रे पासून ग दोन, ग पासून म एकच, मग प दोन, ध दोन, नि दोन आणि वरचा सा पुन्हा एक. एकूण बारा. सा कुठेही धरा, हा क्रम तोच. हे तुम्ही परीक्षेला लिहिलंही असेल. पण लिहिणं वेगळं आणि हाताला माहीत असणं वेगळं.

सुरुवात काळी एकपासून करा (सप्तकातली काळी आणि पांढरी बटणं डावीकडून वेगवेगळी मोजायची). गंमत बघा, काळी एकचा सा घेतला की पाचही काळी बटणं वापरात येतात आणि पांढरी फक्त दोन लागतात. सा काळी एक, रे काळी दोन, ग पांढरी चार, म काळी तीन, प काळी चार, ध काळी पाच, नि वरची पांढरी एक. काळी बटणं उंच असल्यामुळे बोटांना न बघता सापडतात. पुरुष गायकांची पट्टी साधारण ह्याच्या आसपास असते, म्हणून जुने पेटीवाले ह्या पट्टीत डोळे मिटून वाजवायचे. मग एक आठवडा काळी तीन घ्या आणि तिथे भूप राग वाजवा. सा रे ग प ध पाचही स्वर काळ्यांवर येतात, पांढऱ्याला हात लावावाच लागत नाही. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी तासभर लहान मुलासारखा वरखाली पळत होतो. त्यानंतर तुमच्या कामाची काळी चार. तिथे ग येतो पांढरी एकवर, म काळी एकवर, प काळी दोनवर, ध पांढरी चारवर आणि नि पांढरी पाचवर. बायकांच्या मंडळात ही पट्टी पुष्कळदा लागते. मात्र वयस्कर बायका असतील तर पांढरी चार किंवा त्याच्याही खाली उतरावं लागतं. काळी चारच धरायची असा हट्ट करू नका.

प्रत्येक पट्टीला पूर्ण आठवडा द्या. रोज नवी पट्टी घेतली तर डोक्यात खिचडी होते. आणि वाजवताना प्रत्येक ओळ आधी तोंडाने सरगमने म्हणायची, मग बोटाने. ह्या क्रमात सूट नाही.

आता मंडळात गेल्यावर पट्टी कशी शोधायची. घाबरून लोक पहिल्या शब्दालाच बटणं चाचपायला लागतात आणि चुकीचे चार सूर सगळ्यांना ऐकवतात. तसं न करता ‘जय जय राम कृष्ण हरी’चा गजर सुरू झाला की पहिल्या दोन आवर्तनांत पेटी गप्प ठेवायची. पुढे म्हणणाऱ्या बाई ओळ संपवून विसावतात तो सूर कानात धरा, स्वतः ओठांत गुणगुणा. बहुतेक वेळा तोच सा. भाता अगदी हलका ठेवून तेवढंच बटण दाबून बघा. एखादं घर इकडेतिकडे झालं तरी टाळांच्या आवाजात कुणाला कळत नाही. सा सापडला की पंचम (प) लावून खात्री करा, दोन्ही मिळून शांत वाटले की झालं.

पुढे तुमचा मंडळात जम बसला की ह्याच्या उलटं करायचं, म्हणजे सुरुवातीचा सूर तुम्हीच द्यायचा. तो देताना अभंगातली सगळ्यात वरची जागा डोळ्यांपुढे ठेवा. बायका पहिली ओळ सोयीच्या उंचीवर म्हणतात, अंतरा तार सप्तकात जातो आणि मग निम्म्याजणी गप्प बसतात, उरलेल्या ओरडतात. अशा वेळी त्या अभंगापुरती पट्टी एक-दोन घरं खाली घेतली की तेच मंडळ एकदम सुरेल होतं. मंडळात पेटीवालीला मान मिळतो तो अशा कामासाठी, बोटं किती भरभर पळतात ह्यासाठी नाही.

आणखी एक गोष्ट क्लासमध्ये कुणी सांगत नाही. भजन चढतं. टाळ जोरात आले, लय वाढली की आवाजही नकळत वर सरकतो, आणि ढोलकी-टाळांच्या गदारोळात पेटी ऐकू आली नाही तर पाच मिनिटांत अर्ध्या सुराचा फरक पडतो. तुम्हाला मात्र वाटतं आपणच बेसूर. तिथे भाता जोरात मारून त्यांना खाली ओढायला जाऊ नका. पंचवीस बायकांचे गळे एका पेटीला ऐकत नाहीत. त्या पूर्ण घरभर चढल्या असतील तर तुम्ही निमूट एक घर वर जा (पट्टी बदलण्याचा सराव इथे उपयोगी पडतो). अधेमधेच लटकल्या असतील तर नुसता ठेका चालू द्या, पेटी अगदी हळू करा आणि अभंग संपला की लगेच स्वच्छ सा-प भरून पुढच्या अभंगाची पट्टी पक्की करा.

आता साथीबद्दल. इथे मी एकदा भर देवळात तोंडावर पडलोय, ते सांगतो. मी तेव्हा पंचविशीतला, चार राग येत होते, त्यामुळे हात शिवशिवत होते. हनुमान जयंतीचं कीर्तन होतं. बुवा ओळ म्हणायचे, श्वास घ्यायला थांबायचे, की मी त्या फटीत एक तान कोंबायचो. त्यांनी पुढची ओळ उचलायच्या आत माझी दुसरी तान तयार. मला वाटलं देऊळ माझ्यावर खूश आहे. पूर्वरंग संपता संपता बुवांनी चिपळ्या थांबवल्या, माझ्याकडे वळून हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, “पेटीवाले, आम्हीपण आहोत.” देऊळ हसलं. उत्तररंगात मी बुवांचा शेवटचा सूर धरून बसण्यापलीकडे काहीही केलं नाही. आरतीनंतर त्यांनीच मला प्रसादाचा नारळ दिला आणि पुढच्या वर्षीचं आमंत्रणही दिलं.

तुमच्यासाठी ह्याचा उपयोग उलट बाजूने आहे. तुम्हाला वाटतंय की साथ करायची म्हणजे गाण्यातला प्रत्येक सूर वाजवायचा. नाही हो! पहिले दोन-तीन महिने ध्रुवपद पूर्ण वाजवा आणि अंतऱ्यात नुसता सा, नाहीतर सा-प धरून ठेवा. अंतऱ्याची शेवटची चार अक्षरं ध्रुवपदाकडे वळतात, तिथे पुन्हा मिसळा. ऐकणाऱ्याला साथ भरलेलीच वाटते. हात थरथरणं ह्यानेच निम्म्याने कमी होईल. हात थरथरतो तो पुढचा सूर कोणता ह्या धास्तीने, आणि धरलेल्या सा ला पुढचा सूरच नसतो. चुकलात तर मागे जाऊन दुरुस्त करू नका. लय पुढे गेलेली असते. आठ मात्रांचा भजनी ठेका आहे, पुढची सम (पहिली मात्रा) फार लांब नसते, तिथे चढा.

तुम्ही टाळ हातात घेतलात त्याची लाज वाटून घेऊ नका. उलट चांगली सोय झाली. टाळ वाजवणाऱ्याला लय अंगात मुरवावी लागते, आणि पेटीवाल्यांमध्ये लयीचे कच्चे लोक मी पुष्कळ पाहिलेत. महिन्याच्या चार बैठकांपैकी दोन टाळावर बसा, आणि तेव्हा पेटीवर जे कोण असेल त्यांचा हात बघत बसा.

भात्याचं एक सांगायचं राहिलं. नवखे लोक ठेक्याबरोबर भाता मारतात, त्यामुळे प्रत्येक मात्रेला सूर फुगतो आणि बसतो. भाता श्वासासारखा चालायला हवा, ठेक्याशी त्याचा संबंध नाही. सा दाबून ठेवा आणि अर्धा मिनिट तो एकाच जाडीचा ऐकू येतो का बघा. भात्यात नेहमी निम्मी हवा शिल्लक असावी, पूर्ण रिकामा झाल्यावर भरायला गेलं की धक्का बसतो. मनगट सैल ठेवा, जोर बोटांच्या पेरांत.

ऐकण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मी सांगणारच. तुम्ही आजवर गाणं ऐकलंत ते गाणाऱ्याचं. आता महिनाभर गाणारा सोडून मागची पेटी ऐका. भीमसेन जोशींच्या मागे अप्पा जळगावकर, कुमार गंधर्वांच्या मागे गोविंदराव पटवर्धन अशी ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. एकच ध्वनिमुद्रण घ्या आणि रोज तेच लावा. पहिल्या आठवड्यात पेटी ऐकूच येणार नाही, मग हळूहळू दिसायला लागेल की गायकाने आलाप सोडला की पेटी त्याचं शेपूट तेवढं उचलते, नवी बढत, म्हणजे रागाचा पुढचा विस्तार, सुरू झाली की एका सुरावर येऊन थांबते. अप्पांचा हात तर गायकाच्या सावलीसारखा मागून येतो. स्वतंत्र पेटी कशी गाते ते ऐकायचं असेल तर तुळशीदास बोरकर ऐका. गोव्यातल्या बोरीचे, पी. मधुकरांचे शिष्य. त्यांचं ऐकून नक्कल करायला मात्र बसू नका. मी बसलो होतो, दोन महिने वाया गेले.

प्रत्यक्ष ऐकायला जमलं तर मिरजेला या. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. पेटीवाल्याचा उजवा हात दिसेल अशी जागा धरून बसा. मी तिथे जेवढं शिकलो तेवढं कुठल्याही क्लासात शिकलो नाही.

मंडळातल्या कुणी शहाण्याने “पेटी हे काही खरं वाद्य नव्हे, आकाशवाणीनेसुद्धा बंदी घातली होती” असं ऐकवलं तर चिडू नका, ते खोटं नाही. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला मज्जाव होता. ती परदेशातून आली, तिच्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, आणि तिचे सूर सारख्या अंतरांवर बसवलेले असतात, हे तीन आक्षेप होते आणि तिन्ही खरे आहेत. सप्तकाचे १२०० बारीक भाग, म्हणजे सेंट, धरले तर पेटीचा शुद्ध गंधार (ग) ४०० वर असतो आणि तंबोऱ्यातून आपसूक ऐकू येणारा स्वयंभू गंधार साधारण ३८६ वर. म्हणजे पेटीचा गंधार किंचित चढा. घरी तंबोऱ्याचं अ‍ॅप लावून पेटीचा गंधार दाबून धरा, एक बारीक खरखर जाणवेल. मग तोच गंधार गळ्याने लावा आणि ती खरखर नाहीशी होईपर्यंत आवाज खाली आणा. ज्या दिवशी हा फरक कानाला कळेल त्या दिवशी मला पेढे पाठवा. म्हणूनच गाणारी बाई गंधारावर लांब थांबली की मी गंधार दाबून धरत नाही, सा वर सरकतो. हे वाद्य अपुरं आहे हे ज्याला माहीत असतं तो त्याचा अपुरेपणा झाकू शकतो.

स्केल चेंजर का नको ते आता सांगतो. त्यात बटणांची रांगच सरकते आणि सा बदलतो, त्यामुळे तुम्ही आयुष्यभर एकाच जागी वाजवत राहाल, आणि ज्या दिवशी दुसऱ्याच्या घरी साध्या पेटीवर बसवतील त्या दिवशी पुन्हा हात थिजेल. शिवाय ती जड असते आणि आतली यंत्रणा नाजूक. रोज पट्टी बदलणाऱ्या व्यावसायिक माणसाला ती लागते, त्याच्याशी माझं भांडण नाही. तुमची सध्याची दोन सुरांची, म्हणजे प्रत्येक बटणाला खर्ज (जाड) आणि नर असे दोन सूर असलेली पेटी मंडळाला भरपूर झाली. तिला फक्त पावसाळ्यात जपा. दमट हवेत बटणं फुगून अडकतात, आणि कोपऱ्यात फरशीवर ठेवलेल्या पेटीत झुरळं शिरून भात्याचं चामडं खातात. रोज पाच मिनिटं वाजवली तरी आतली हवा खेळती राहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा घरातलं फर्निचर गेलं. पेटी वाचली, कारण पाणी चढताना बायकोने ती आधी माळ्यावर टाकली होती आणि माझ्या फायली नंतर. फायली भिजल्या. एखादा सूर अडला तर स्वतः स्क्रू काढू नका, कारागिराकडे न्या. सूर, म्हणजे आतल्या धातूच्या पात्या, खरवडून मिळवायचे असतात, एकदा जास्त खरवडला गेला की गेला.

रियाझ किती? नोकरी, घर, स्वयंपाक सांभाळून रोज पंचवीस मिनिटं खूप झाली, पण ती रोज हवीत. रविवारी तीन तास बसून भरपाई होत नाही. माझ्या हिशेबाने पाच मिनिटं तंबोऱ्याबरोबर नुसता सा गळ्याने लावायचा, दहा मिनिटं त्या आठवड्याच्या पट्टीत अलंकार (ठराविक क्रमाने वरखाली जाणारे सरगमचे पलटे), आणि उरलेल्या वेळात एक अभंग, वही न बघता. दमलेल्या दिवशी अलंकार सोडा, सा सोडू नका. पुढच्या परीक्षेचा, मध्यमा प्रथमचा फॉर्म ह्या वर्षी भरू नका असं मी म्हणेन. परीक्षा वाईट नाही, पण तिच्यासाठी नवे राग एकाच पट्टीत घोटत बसाल आणि पुन्हा होतं तिथेच याल.

एका गोष्टीची मात्र घाई करा, मंडळ सोडू नका. घरी पक्कं झाल्यावर जाऊ असं म्हणाल तर ते पक्कं कधी होत नाही. वसंतराव देशपांडे कितीतरी वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत गात होते, पुलं लिहिता लिहिता पेटी वाजवत होते. त्यांची बरोबरी कोण करणार, पण वेळ त्यांनाही इकडून तिकडून ओढूनच आणावा लागला असेल.

येत्या एकादशीला मंडळात जाल तेव्हा पुढे म्हणणाऱ्या बाईंना आधी गाठा. सांगा, की ताई, पहिले दोन अभंग मी फक्त सूर धरते, तिसऱ्यापासून ध्रुवपद वाजवते. त्या हो म्हणतील. भजनात नुसता सूर मिळाला तरी बायका खूश असतात. पेटी घेऊन त्यांच्या उजव्या हाताला बसा, ढोलकीपासून जरा लांब. म्हणजे त्यांचा श्वास तुम्हाला ऐकू येईल.